‘जैत रे जैत’ : अद्भुतरम्य कथा, ग्रंथातील आणि पडद्यावरील

एखादी लोकप्रिय कादंबरी पडद्यावर आली म्हणजे दोन अभिप्राय हटकून ऐकू येतात. ‘मूळ पुस्तकाची सर चित्रपटाला नाही’ हा पहिला, आणि ‘चित्रपट पाहिला, आता पुस्तक वाचण्याचे कारण उरले नाही’ हा दुसरा. हे अभिप्राय परस्परविरोधी वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. कथा म्हणजे जणू पाणी, आणि ग्रंथ व चित्रपट ही दोन भांडी; एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना पाणी किती सांडले एवढेच पाहावयाचे, अशी ती समजूत होय. ही समजूत अद्भुतरम्य कथेच्या बाबतीत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी गो. नी. दांडेकर यांची ‘जैत रे जैत’ (१९६५) ही कादंबरी आणि तिच्यावरून डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट (१९७७) ही जोडी निवडली आहे. तुलनेसाठी परदेशातील दोन उदाहरणेही घेतली आहेत.

ही निवड करण्यास आमच्या परिसराचेही एक कारण आहे. ही कथा ठाकर समाजाची आहे आणि तिची भूमी कर्नाळ्याच्या डोंगराची, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील आहे. परंतु ठाकर वा ठाकूर समाजाची वस्ती उत्तरेकडे जव्हार-मोखाड्यापर्यंत पसरलेली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पालघरच्या किंवा बोईसरच्या वर्गात हे पुस्तक शिकविले जाते तेव्हा त्याचा ‘विषय’ असलेला समाज पुस्तकाबाहेर दूर कोठे नसतो. तो पुष्कळदा समोरच्याच बाकावर बसलेला असतो. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून केलेली तुलना अपुरी राहील असे आम्हांस वाटते.

१. ‘अद्भुतरम्य’ म्हणजे काय?

मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळावर अद्भुतरम्यतेचा मोठा प्रभाव होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांनी राजपुत्र, राजकन्या, दुष्ट कारस्थानी पुरुष, वियोग आणि पुनर्मीलन यांचे एक ठरीव विश्व वाचकांपुढे उभे केले. हरिभाऊ आपट्यांनी १८८५ मध्ये ‘मधली स्थिती’ लिहावयास घेतली आणि कादंबरीचे लक्ष भोवतालच्या संसाराकडे वळले. तेव्हापासून ‘अद्भुतरम्य’ हे विशेषण टीकाकारांच्या लेखणीतून काहीशा अवहेलनेने उतरू लागले. जे घडत नाही, घडू शकत नाही, केवळ मनोरंजनासाठी रचलेले असते, ते अद्भुतरम्य, असा त्याचा रूढ अर्थ झाला.

परंतु आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रात अद्भुताला असे कमी लेखलेले नाही. भरताने अद्भुत हा एक स्वतंत्र रस मानला असून विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला आहे. येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. विस्मय हा वस्तूचा गुण नव्हे; तो पाहणाऱ्याच्या मनाचा भाव आहे. एकच वस्तू एकास विस्मयकारक वाटेल, तर दुसऱ्यास सामान्य. तेव्हा ‘अद्भुत’ म्हणजे ‘अशक्य’ हे समीकरण बरोबर नाही.

पाश्चात्त्य समीक्षेतील दोन विचार येथे उपयोगी पडतात. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात ‘रोमान्स’चे मूळ रूप म्हणजे शोधयात्रा असे प्रतिपादिले : नायक एका ध्येयाने निघतो, शत्रूशी त्याचा प्राणांतिक संघर्ष होतो आणि शेवटी त्याच्या थोरवीची ओळख पटते. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताची जागा निराळ्या ठिकाणी दाखविली. समोर घडते आहे ते निसर्गनियमांनी उलगडेल की त्यांच्या पलीकडचे आहे, याविषयी वाचकाच्या मनात जो संदेह रेंगाळतो, तो संदेह म्हणजेच त्यांच्या मते या प्रकारच्या साहित्याचा प्राण. संदेह फिटला की कथा एक तर वास्तवाच्या, नाही तर निखळ चमत्काराच्या प्रदेशात जाते. शोधयात्रा आणि संदेह ही दोन सूत्रे हाती घेऊन आता प्रस्तुत कथेकडे वळू.

२. कथेचा सांगाडा

नाग्या हा ठाकरवाडीतील भगताचा मुलगा. ढोल वाजविण्यात तो तरबेज आहे. डोंगरावर लिंगोबाचा कडा आहे आणि त्या कड्यावर आग्या मधमाश्यांची मोहोळे लोंबत आहेत. राणी माशीच्या दंशाने नाग्याचा एक डोळा जातो. आपण कोणतेही पाप केले नसता ही शिक्षा का, हा प्रश्न त्याला छळू लागतो. आणि या प्रश्नाला उत्तर म्हणून तो कड्यावरचे मोहोळ उतरविण्याची प्रतिज्ञा करतो. चिंधी ही पहिल्या नवऱ्याला सोडून आलेली मनस्वी स्त्री नाग्यावर जीव लावते आणि त्याच्या प्रतिज्ञेत भागीदार होते. शेवटी मोहोळ उतरते. परंतु माश्यांच्या हल्ल्यात चिंधीचा प्राण जातो. ‘जैत’ म्हणजे विजय. विजयाची आरोळी आणि सर्वस्वाची हानी एकाच क्षणी यावी, अशी या कथेची योजना आहे.

फ्राय यांच्या शोधयात्रेचे सर्व घटक येथे आहेत, हे सहज ध्यानात येईल. नायक आहे, ध्येय आहे, उंच आणि दुर्गम स्थळ आहे, शत्रू आहे, साहाय्यक स्त्री आहे. परंतु राजपुत्राच्या कथेत शत्रूचा वध झाल्यावर राजकन्या लाभते; येथे शत्रूचा पाडाव होतो त्याच घटकेस प्रिया गमावली जाते. १८६० च्या सुमाराची आपली अद्भुतरम्य कादंबरी पुनर्मीलनाने संपे. त्याच सांगाड्यातून दांडेकरांनी शोकात्म शेवट काढला, हे त्यांच्या कथेचे वेगळेपण होय.

ही कथा दांडेकरांच्या लेखनात एकाकी नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५), ‘माचीवरला बुधा’ (१९५८) आणि ‘जैत रे जैत’ अशी डोंगरदऱ्यांतील माणसांच्या कादंबऱ्यांची एक मालिकाच त्यांच्या हातून झाली. पात्रे आणि स्थळे निरनिराळी असली, तरी माणूस व डोंगर यांचे नाते हा या मालिकेचा समान धागा आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’वरही १९६६ मध्ये चित्रपट निघाला होता. तेव्हा चित्रपटसृष्टीने दांडेकरांच्या डोंगराकडे वळण्याची ही पहिलीच वेळ नव्हती.

३. मोहोळ : शब्दातील आणि दृश्यातील

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. या कथेत अद्भुत कोठे आहे? येथे कोणी आकाशातून उडत नाही, मृत मनुष्य जिवंत होत नाही. अद्भुत आहे ते एका माशीला शत्रू मानण्यात.

याबाबत कीटकशास्त्र काय सांगते ते पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. आग्या मधमाशी आपले पोळे उघड्यावर, उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याच्या कपारीला लटकविते. पोळे एकेरी असते आणि त्यावर माश्यांचा थरच्या थर बसलेला असतो. पोळ्याचे रक्षण करतात आणि मनुष्यावर तुटून पडतात त्या कामकरी माश्या. त्यांच्या नांगीला उलटे काटे असल्यामुळे ती कातडीत रुतून राहते आणि दंश करणारी माशी मरते; त्याच वेळी सुटणाऱ्या विशिष्ट गंधामुळे इतर माश्या चवताळून त्याच जागी धावतात. राणी माशीला नांगी असते, पण तिचा उपयोग ती मुख्यतः प्रतिस्पर्धी राणीवर करते. शिवाय ऋतुमानाप्रमाणे आग्या माश्यांचे थवे स्थलांतर करतात. याचा अर्थ असा की, शास्त्राच्या दृष्टीने ज्या राणीवर सूड उगवावयाचा अशी ‘ती’ कोणी नाहीच. आहे तो एक समूह, आणि तोही त्या कड्यावर कायमचा नाही.

नाग्याच्या मनात मात्र ‘ती’ आहे. तिला इच्छा आहे, वैर आहे, तिच्या मागे डोंगराची सत्ता आहे. निसर्गाला इच्छा बहाल करणे हीच या कथेतील अद्भुताची क्रिया होय. तोदोरोव्ह म्हणतात तो संदेह नेमका येथे निर्माण होतो. हा केवळ कीटकाचा दंश, की देवाने घेतलेली परीक्षा? हा अपघात, की पापपुण्याचा हिशोब? गद्यनिवेदनाला हा संदेह शेवटपर्यंत तेवत ठेवणे शक्य असते. कारण शब्द वस्तू दाखवीत नाहीत, तिचे नाव घेतात. ‘राणी’ हा शब्द उच्चारताच एकाच वेळी कीटक, स्त्री आणि सत्ता हे तीनही अर्थ जागे होतात, आणि त्यांतला कोणता खरा हे ठरविण्याचे काम वाचकावर पडते.

कॅमेऱ्याला ही सवलत नाही. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ मध्ये कादंबरी व चित्रपट यांच्या संबंधावरील आपल्या ग्रंथात हा भेद मांडला आहे. कादंबरी मनातील संकल्पनेच्या मार्गाने पोहोचते, तर चित्रपट डोळ्यांच्या प्रत्यक्ष प्रतीतीच्या मार्गाने. त्यामुळे चित्रपट हा कादंबरीचा अनुवाद नसून कादंबरीकडे कच्चा माल म्हणून पाहणारी स्वतंत्र कृती ठरते. पडद्यावर कड्याला लटकलेले मोहोळ दिसते तेव्हा ते मोहोळच दिसते. त्याचा आकार, रंग, हालचाल सगळे निश्चित झालेले असते. शब्दातील ‘राणी’ला जी संदिग्धता सहज लाभली होती, ती दृश्यात आपोआप येत नाही.

४. अद्भुताचे नादाकडे स्थलांतर

मग चित्रपटाने काय केले? आमच्या मते त्याने अद्भुताची जागा बदलली. दृश्याला जे साधणे कठीण होते, ते त्याने नादाच्या स्वाधीन केले.

या चित्रपटाची घडण कोणी केली ते पाहिले म्हणजे ही गोष्ट आकस्मिक नव्हती हे कळते. पटकथा सतीश आळेकर यांची, गीते ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आणि निर्मिती उषा मंगेशकर यांची. दिग्दर्शक जब्बार पटेल हे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकाचे दिग्दर्शक होते. त्या नाटकात समूहाचे गाणे, समूहाची हालचाल आणि कथानक यांची वीण त्यांनी घालून दाखविली होती. नाना फडणविसाची भूमिका करणारे मोहन आगाशे हेच पुढे चित्रपटात नाग्या झाले. समूहस्वर हा केवळ पार्श्वभूमीचा अलंकार नसून निवेदनाचे साधन होऊ शकतो, हा रंगभूमीवरील अनुभव या मंडळींच्या गाठीशी होता.

‘जैत रे जैत’मध्ये गाण्यांची संख्या नेहमीच्या चित्रपटापेक्षा पुष्कळ अधिक आहे, आणि ती कथेच्या वाटेत थांबे म्हणून येत नाहीत. ती कथानक पुढे नेतात, वाडीचे मन बोलतात, ऋतू पालटल्याचे सांगतात, प्रणय फुलवितात. ढोल हा तर नाग्याच्या प्रतिज्ञेचाच आवाज आहे. एखाद्या प्रसंगी पडद्यावर दिसणारा डोंगर हा खडक आणि झाडी यांचाच असतो. परंतु ढोलाचा ठेका आणि समूहाचा उंच स्वर त्याच्याशी जोडला गेला की, त्या डोंगराला कोणी तरी हाक मारीत आहे आणि तो ती ऐकत आहे असा भास होतो. तोदोरोव्ह यांचा संदेह येथे शब्दाऐवजी स्वरात राहावयास गेला आहे. डोळ्यांना जे केवळ निसर्ग वाटते, ते कानांना दैवत वाटते. आणि प्रेक्षक या दोहोंच्या मध्ये उभा राहतो.

म्हणून ‘चित्रपटात गाणी फार’ असा जो आक्षेप घेता येईल, तो या कृतीपुरता गैरलागू ठरतो. गाणी काढून टाकली तर मागे उरेल ती मोहोळ उतरविण्याच्या साहसाची एक हकीकत. अद्भुतरम्य कथेतील ‘अद्भुत’ गाण्यांबरोबरच नाहीसे होईल.

५. चिंधीचे स्थान

रूपांतरात दुसरा बदल घडला तो चिंधीच्या बाबतीत. हा बदल एखाद्या प्रसंगाच्या भरीचा नव्हे, तर माध्यमाच्या स्वभावाचा आहे. शोधयात्रेच्या कथेत स्त्री ही बहुधा साहाय्यक किंवा पारितोषिक असते. कथेचा कणा नाग्याची प्रतिज्ञा हा असल्यामुळे चिंधीकडे पाहावयाचे ते त्या प्रतिज्ञेच्या संदर्भात. पडद्यावर मात्र चिंधीला स्मिता पाटील यांचा चेहरा, आवाज आणि चालणे लाभले. अभिनेत्रीच्या केवळ उपस्थितीमुळे एक वजन निर्माण होते. नायकाचे मन मोहोळात गुंतले असता ही स्त्री काय पाहते, काय सोसते, कशाने हसते, हे प्रत्येक दृश्यात प्रेक्षकाच्या नजरेसमोर राहते.

याचा परिणाम शेवटावर होतो. शब्दातील विजय आणि शब्दातील मृत्यू यांचे वजन निवेदक ठरवू शकतो. एकाला चार पाने द्यावी, दुसऱ्याला चार ओळी. पडद्यावर देह समोर पडलेला असतो. त्याच्यापुढे विजयाची आरोळी उपरोधिक वाटल्यावाचून राहत नाही. प्रेक्षक ‘जैत’ कोणाची, असा प्रश्न घेऊन बाहेर पडतो. शीर्षक तेच, परंतु त्यावरील भर बदलला. पुण्याचा हिशोब मागणाऱ्या पुरुषाच्या कथेशेजारी, त्या हिशोबाची किंमत चुकविणाऱ्या स्त्रीची कथा येऊन बसली. १९७७ सालच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या कृतीस मिळाला. तिच्या यशात गाण्यांचा जेवढा वाटा आहे, तेवढाच या भर बदलण्याचाही आहे असे आम्हांस वाटते.

६. अन्यत्रची दोन उदाहरणे

हा नियम केवळ मराठीपुरता आहे काय? हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीची आठवण येथे अपरिहार्य आहे. पांढऱ्या देवमाशाने पाय तोडलेला कप्तान अहॅब आणि राणी माशीने डोळा नेलेला नाग्या यांच्यातील साम्य उघड आहे. दोघेही मुक्या प्राण्याला वैरी मानतात आणि दोघांच्याही सूडात दुसऱ्यांचा बळी जातो. जॉन ह्यूस्टन यांनी १९५६ मध्ये तिचा चित्रपट केला. कादंबरीत देवमाशाच्या पाठीवर दोरांत गुरफटलेले प्रेत दिसते ते फेडल्लाचे. अहॅबच्या गळ्याला दोर पडतो आणि तो क्षणात समुद्रात ओढला जाऊन दिसेनासा होतो. चित्रपटात देवमाशाला जखडलेला दिसतो तो स्वतः अहॅब. अहॅबचे त्या माशाशी असलेले बंधन कादंबरीने शेकडो पृष्ठांच्या चिंतनातून सांगितले होते. चित्रपटाने तेच बंधन खऱ्या दोरखंडाने बांधून दाखविले. हा बदल म्हणजे मूळ कृतीशी प्रतारणा नव्हे. अमूर्ताला दृश्य प्रतिमा शोधण्याचा तो प्रयत्न होय.

दुसरे उदाहरण आजच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ही चार कादंबऱ्यांची मालिका २००५ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून २००८ ते २०१२ या काळात पाच चित्रपट निघाले. मनुष्यकन्या बेला आणि रक्तपिपासू योनीतील एडवर्ड यांची ही प्रेमकथा. कादंबऱ्यांचे निवेदन बहुतांशी बेलाच्या तोंडचे आहे. उन्हात एडवर्डची कांती हिऱ्यांसारखी चमकते, हे वाचक तिच्या मोहित नजरेतून वाचतो. म्हणून तेथील विस्मय हा वस्तुतः प्रेमाचा विस्मय असतो. कॅमेरा तीच चमक दाखवितो तेव्हा बेलाची नजर बाजूला पडते आणि उरते ती तांत्रिक करामत. येथे दृश्याने जे गमावले ते भरून काढण्यास ‘जैत रे जैत’मधील ढोलासारखे दुसरे समर्थ साधन चित्रपटाला सापडले नाही, असे आमचे मत आहे.

याच मालिकेच्या अखेरच्या चित्रपटात एक बोधक फरक आहे. कादंबरीत दोन पक्ष समोरासमोर येतात, परंतु युद्ध न होताच पेच सुटतो. चित्रपटात मात्र तुंबळ रणकंदन दाखविले आहे. आणि मग ते सारे एका भविष्यदर्शी पात्राने पाहिलेले, न घडलेले भविष्य होते असा उलगडा केला आहे. चित्रपटाला दृश्य संघर्ष हवा होता आणि वाचकांना परिचित असलेला शेवटही मोडावयाचा नव्हता. त्यातून काढलेली ही तोड होय. शोधयात्रेच्या प्रकाराला प्राणांतिक संघर्ष किती अटळ वाटतो, याचे हे उत्तम प्रत्यंतर आहे.

७. अद्भुत कोणाचे?

‘ट्वायलाइट’ मालिकेत आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच आमच्या परिसराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. या मालिकेतील लांडग्याचे रूप घेणारी माणसे ही क्विल्यूट जमातीची दाखविली आहेत. ही जमात कल्पित नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात समुद्रकाठी ला पुश येथे तिची वस्ती आहे. आपले पूर्वज लांडग्यांपासून झाले अशी त्या जमातीची परंपरागत कथा आहे. परंतु कादंबरीने त्या कथेभोवती जे रचले त्यातले पुष्कळसे लेखिकेचे स्वतःचे आहे. वाचकांच्या झुंडी त्या गावाकडे लोटल्या. त्याच सुमारास ती जमात मात्र निराळ्याच प्रश्नाशी झुंजत होती : त्सुनामीच्या भयामुळे आपली शाळा व घरे उंच जागी हलविण्यास जमीन कशी मिळेल? त्यासाठीचा कायदा २०१२ मध्ये झाला. जगाला त्यांच्यातील लांडगे ठाऊक झाले. समुद्र ठाऊक झाला नाही.

हाच प्रश्न ‘जैत रे जैत’ला विचारावयास हवा. दांडेकर हे डोंगर पायांखाली घातलेले लेखक होते. वनवासी माणसांविषयीचा त्यांचा आदर संशयातीत आहे. तरीही या कथेतील मुख्य संघर्ष माणूस व डोंगर यांमधील आहे. माणूस व सावकार, माणूस व जमीनदार यांमधील नाही. पालघर जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी भागात १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला तो वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोंनी सावकाराच्या घरी राबावयाचे, ही ती प्रथा. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात तो इतिहास आला आहे. त्यातील शत्रूला चेहरा आणि नाव होते. त्याला माशीचे रूप देण्याची गरज नव्हती. आदिवासी माणसाची झुंज अद्भुताच्या भाषेत सांगितली की ती सुंदर होते, पण त्याबरोबर इतिहासातून बाहेरही पडू शकते. या दोन ग्रंथांचे वाचन एकत्र व्हावे, ते यासाठी.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शिखराला दैवत मानणे ही काही कादंबरीकाराची कल्पना नव्हे. डहाणू तालुक्यात विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते, तेव्हा पुजारी रात्रीच्या अंधारात अवघड सुळक्यावर चढून देवीचा ध्वज लावतो. या भागातील विद्यार्थ्याने तो ध्वज पाहिलेला असतो. वारल्यांच्या लग्नचौकात देवीचे चित्र भिंतीवर लिहिले जाते, ते केवळ शोभेसाठी नव्हे. तेव्हा लिंगोबाला साद घालणारा नाग्या त्याला कृत्रिम वाटणार नाही. शहरी वाचकाला जे अद्भुतरम्य वाटते, ते त्याला ओळखीचे वाटेल; आणि आरंभी म्हटल्याप्रमाणे विस्मय हा पाहणाऱ्याच्या मनाचा भाव असल्यामुळे, एकाच कृतीचा रसास्वाद या दोन वाचकांना भिन्न येईल. वर्गात यांपैकी एकच आस्वाद ‘बरोबर’ म्हणून शिकविला गेला, तर अन्याय साहित्यावर होईल आणि त्या विद्यार्थ्यावरही.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. चित्रपटाची गाणी लिहिणारे महानोर हे मराठवाड्यातील पळसखेड्याचे शेतकरी-कवी. त्यांच्या शब्दांना रानाचा गंध आहे, पण ते रान निराळे. आज महाराष्ट्रात ‘ठाकर’ म्हटले की अनेकांच्या कानी प्रथम ही गाणीच येतात. ठाकरांच्या स्वतःच्या बोलीची, त्यांच्यातील ‘क’ ठाकूर व ‘म’ ठाकूर या भेदाची, त्यांच्या चालीरीतींची ओळख त्यामानाने फार थोड्यांना आहे. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० मध्येच प्रसिद्ध झाला. परंतु चित्रपटाची चर्चा करताना त्याचा आधार क्वचितच घेतला जातो.

८. अभ्यासाची दिशा

यावरून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे तीन कामे ठेवाविशी वाटतात. पहिले, कादंबरी व चित्रपट यांतील प्रसंगांची केवळ यादी करून ‘हे गाळले, ते घातले’ असा जमाखर्च मांडण्याऐवजी, प्रत्येक ठिकाणी अद्भुताचा भार कोणी वाहिला आहे ते नोंदवावे : शब्दाने, चेहऱ्याने, की नादाने. दुसरे, कादंबरीतील संवादांची बोली आणि गाण्यांतील शब्द यांची जव्हार-मोखाड्याच्या ठाकूर वस्तीतील वृद्धांच्या बोलण्याशी तुलना करावी. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे या भागात देशभरातून माणसे आली आणि डोंगरातील तरुणही कामासाठी तेथे उतरू लागले. अशा वेळी बोलीतील शब्द झपाट्याने मागे पडतात, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. तिसरे, ज्यांच्यावर ही कथा लिहिली गेली त्यांना चित्रपट दाखवून त्यांचे मत लिहून घ्यावे. त्यांना नाग्याची प्रतिज्ञा वीराची वाटते की वेड्याची, हा प्रश्न समीक्षेने आजवर त्यांना फारसा विचारलेला नाही.

आरंभीच्या दृष्टांताकडे परत जाऊन एवढेच म्हणता येईल की, कथा म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावयाचे पाणी नव्हे. ती मोहोळासारखी आहे. मोहोळ एका कड्यावरून उठते आणि दुसऱ्या कड्यावर बसते, तेव्हा जुने पोळे उचलून नेता येत नाही. नव्या जागी नवे मेण घालून ते पुन्हा बांधावे लागते. दांडेकरांनी ते शब्दात बांधले, जब्बार पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नादात बांधले. या दोन्ही पोळ्यांतील मध चाखताना तो कोणाच्या रानातील फुलांचा आहे, याचा विसर अभ्यासकाने पडू देऊ नये.